विहारामागची गाडी

१

साध्वींच्या विहारामागे गाडी चालवायची म्हणजे काय काम असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ताशी चार किलोमीटर. ओव्हरटेक करायचं नाही, गाणी लावायची नाहीत, डुलकी आली तर आपला आपल्याला चिमटा काढायचा. पुढे पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वी अनवाणी चालत असतात आणि तुमचं काम एवढंच, की मागून एखादा ट्रक झोपेत आलाच तर त्याने आधी तुम्हाला धडकावं. मोठं पुण्याचं काम आहे म्हणतात. नंदुरबारच्या जैन संघातली तरुण मंडळी हे पुण्य एकमेकांच्या गळ्यात मारायला टपलेली असायची, हेही तितकंच खरं.

यंदा मात्र अरिहंत आपणहून पुढे झाला. अरिहंत मिरचीचा व्यापारी. शहराबाहेर त्याची पथारी होती, म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं एकरभर मैदान, जिथे नवा माणूस पाय ठेवताच शिंकायला लागतो. दिवाळीत त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. धूर नाही, तेल नाही, जिवांची हिंसा कमी, असं तो भेटेल त्याला सांगायचा आणि ऐकणारे तोंडावर हो हो म्हणून पाठ वळल्यावर हसायचे. आता त्या गाडीला धर्माचं काम मिळालं होतं.

खरं कारण वेगळंच होतं. विहार तिघींचा होता. जैन साधू-साध्वींची गणती 'ठाणा' म्हणून करतात, तेव्हा संघाच्या फलकावर लिहिलं होतं, ठाणा तीन. पुढे सत्तरी ओलांडलेल्या बडे महासतीजी, मध्ये एक अबोल प्रौढ साध्वी आणि शेवटी दीक्षेने सर्वांत लहान अशी संयमश्री. ही संयमश्री सहा वर्षांपूर्वीपर्यंत अरिहंतची धाकटी बहीण किंजल होती. दीक्षा झाली आणि नातं सुटलं. तेव्हापासून तो तिच्यासाठी इतरांसारखाच एक श्रावक होता. तिला हात लावायचा नाही, किंजल म्हणून हाक मारायची नाही. चातुर्मासाचे चार महिने ती नंदुरबारात होती, म्हणून निदान रोज दिसायची. आता धानोऱ्यावरून गुजरातकडे निघाली होती. पुन्हा या गावात कधी येईल हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तीन सकाळींचा रस्ता होता. तिसऱ्या दिवशी हद्दीवर पुढच्या गावचा संघ येणार आणि सेवा त्यांच्याकडे जाणार. अरिहंतच्या आईचे, गवराबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना चालवत नव्हतं. विहारात चाललेल्या साध्वींना कुठेतरी ट्रकने उडवल्याची बातमी त्यांनी एकदा वाचली होती आणि त्यानंतर त्यांच्या डोक्यातून ती गेली नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "छोरीला नीट पोचव. तिच्या मागून गाडी हलवू नको."

२

पहिल्या दिवशी फटफटायला सगळे निघाले. सर्वांच्या पुढे रेवजी. तो अरिहंतच्या पथारीवरचा राखणदार, डोंगराकडचा पावरा माणूस, वयाने पन्नाशीचा, बोलायला कमी. अंगात चमकणारं जाकीट, हातात लाल झेंडी. मग तिघी साध्वी. मग गाडी.

आणि गाडीचा आवाज. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाची घरघर नसते, म्हणून वीसच्या आतल्या वेगात ती आपली आपण एक सूर काढते. लोकांना कळावं, गाडी येतेय. अरिहंतला गावात तो सूर कधी खटकला नव्हता, कारण गावात चौकातून वळेपर्यंतच तो टिकायचा. इथे तो तास दोन तास अखंड चालू राहिला. ओठ मिटून कोणीतरी एकच स्वर धरून बसावं तसा. रेवजीच्या झेंडीला, कपाशीच्या शेतांना, साध्वींच्या पाठींना, सगळ्यांना तो सूर लागून राहिला होता आणि अरिहंतला आपली लाज वाटायला लागली. पुढे तिघींचा जप चाललेला आणि मागे आपला हा भोंगा.

तेवढ्यात संयमश्रीने मागे वळून पाहिलं.

ही काही साधी गोष्ट नव्हे. साध्वी चालतात तेव्हा नजर चार हात पुढच्या जमिनीवर, पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून. इकडे तिकडे बघणंसुद्धा दोष. मागे वळणं तर फार दूर. तरी ती वळली आणि गाडीकडे बघत क्षणभर उभी राहिली. पुढे अर्ध्या तासाने पुन्हा. शाळा दिसायला लागली तेव्हा तिसऱ्यांदा. तिच्या तोंडावर मुहपत्ती होती, म्हणजे ती पांढरी कापडाची पट्टी, त्यामुळे दिसत होते ते फक्त डोळे. अरिहंतला वाटलं, वैतागलेली आहे.

दुपारी मुक्कामाच्या शाळेत तो वंदनाला गेला आणि हात जोडून म्हणाला, गाडीच्या आवाजाचा त्रास होतोय का, बंद करून घेतो. संयमश्रीने कार्तिकी पौर्णिमेपासून महिन्याचं मौन घेतलं होतं, लिहूनही काही सांगायचं नाही असं कडक मौन. तिने मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, जोरात. नाही, नाही.

आता दुसरा कुणी असता तर त्याने नाहीचा अर्थ नाही असा घेतला असता. पण अरिहंत श्रावकाच्या घरात वाढलेला. साध्वी आपल्यासाठी काही करा असं कधीच म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं जेवणही त्यांना चालत नाही, विचारलं की त्या नाहीच म्हणणार आणि जाणत्या श्रावकाने न सांगता समजून घ्यायचं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. नाही म्हणजे माझ्यासाठी करू नकोस. म्हणजेच त्रास होतोय. तो समाधानाने उठला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला तिच्यासाठी काहीतरी करता येणार होतं.

३

शाळेपासून नंदुरबार गाडीने अर्ध्या तासाचंही नाही. दुपारीच तो हिलालच्या गॅरेजवर जाऊन उभा राहिला. हिलाल पाटील वाहनांच्या वायरिंगचा माणूस, मूळ रनाळ्याचा. हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख.

हिलालने पुढच्या बंपरखाली मान घालून बघितलं. भोंगा तिथेच होता, एका पिनेवर. ती ओढली की झालं, दोन मिनिटांचं काम. पण त्याचा हात थांबला.

"शेठ, कंपनीनी हाऊ आवाज उगाच नही दिन्हा," तो म्हणाला. "चालनारासले समजाले पाहिजे ना, गाडी शे ते."

"पुढे चालनारासले माहीत शे," अरिहंत म्हणाला. "आन मांगे कोन शे? मांगे कोनीच नही."

हिलालने मान पुन्हा बंपरखाली घातली. त्याने पिन ओढली, वायरीचं टोक टेपने बांधून वर खोचलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. महाराजसाहेबांच्या सेवेचं काम, त्याचे कसले पैसे. अरिहंतने गॅरेजच्या आवारात गाडी हळूच फिरवून बघितली. काही म्हणजे काही आवाज नाही. वाटेत झोपलेलं कुत्रं चाक दोन हातांवर आलं तरी उठलं नाही, हिलालनेच त्याला हाकललं.

४

दुसरी सकाळ फार सुंदर होती, असं अरिहंतला पुढे कितीतरी वेळ आठवत राहिलं. धुकं रस्त्याच्या कडेने पातळ पसरलेलं, उसाच्या तुऱ्यांना उजेड लागलेला. त्याने काच खाली केली होती. गाडी तर नुसती तरंगत चालली होती आणि पहिल्यांदा त्याला तिघींची पावलं ऐकू आली.

अनवाणी पावलांना आवाज असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. बडे महासतीजी पाऊल दाबून टाकायच्या. मधल्या साध्वींचं पाऊल सपाट पडायचं. आणि संयमश्रीचं छोटं, घाईचं, जरा पुढे पळू बघणारं. डोळे मिटले असते तरी त्याला ते ओळखू आलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किंजल नाव टाकता येतं, घर टाकता येतं, पण चाल टाकता येत नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार बरं वाटलं.

मैलभर गेल्यावर त्याला चौथं पाऊल ऐकू आलं.

ते पुढे नव्हतं. गाडीच्या मागे होतं. एक पाय पडायचा आणि दुसरा घासत यायचा. पडायचा, घासायचा. डांबरावर पिशवी ओढत न्यावी तसा काहीसा आवाज. कुणी शेतकरी चालला असेल म्हणून त्याने आरशात पाहिलं. आरशात रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस.

माणूस शहाणा असला की आधी शहाण्यासारखाच विचार करतो. टायरमध्ये खडा अडकला असेल. बंपरखालची टेप सुटली असेल आणि वायर लोंबत असेल. त्याने गाडी थांबवली. टायर थांबला तर खडाही थांबायला हवा. पाऊल थांबलं नाही. पडलं, घासलं, पडलं, घासलं आणि मग डिकीच्या अगदी जवळ येऊन थांबलं. पुढे साध्वी चाळीस पावलं दूर गेल्या होत्या. त्याला गाडी हलवणं भाग पडलं आणि ती हलताच मागचं पाऊलही निघालं.

तेव्हा त्याला कालचं आठवलं. संयमश्री तीनदा वळली होती, पण तिची नजर गाडीवर नव्हती. गाडीच्या टपावरून ती मागे बघत होती.

५

त्याने खिडकीतून हात काढून रेवजीला बोलावलं आणि जरा गाडीच्या मागून चाल म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. रेवजी झेंडी काखेत मारून मागे गेला. फर्लांगभर त्याच्या चपलांचा आवाज मागून येत राहिला. मग त्या चपला भराभर वाजल्या आणि तो खिडकीशी आला. चेहरा उतरला होता.

"कोनी नही शे, शेठ," तो म्हणाला. "पन माले पुढेच चालू द्या."

अरिहंतने मग एक गोष्ट केली. गाडी उभी केली आणि रिव्हर्स टाकला, मागचा कॅमेरा लागावा म्हणून. पडद्यावर रस्ता उमटला, त्यावर गाडीच्या रुंदीच्या पिवळ्या रेषा. रस्ता स्वच्छ होता. पण मागे काही आलं की वाजणारी ती टुक टुक सुरू झाली. आधी सावकाश. मग जलद. मग अखंड, म्हणजे अगदी वीतभर अंतरावर काहीतरी असल्यासारखी. पडद्यावर एक पाचोळाही हलत नव्हता. त्याने घाईने पुन्हा पुढचा गियर टाकला.

धानोऱ्याला पोचल्यावर त्याने ठरवलं, पुरे झालं, बंपरखाली हात घालून पिन आपणच लावायची. त्याने बाह्या वर केल्यासुद्धा. तेवढ्यात बडे महासतीजींनी त्याला बोलावलं. त्या क्वचितच कुणाचं कौतुक करायच्या. आज म्हणाल्या, चार महिन्यांत झाला नाही असा जप आज चालता चालता झाला, इतकी शांतता होती, मन एकदाही मोडलं नाही. आजूबाजूचे चार श्रावक कौतुकाने अरिहंतकडे बघायला लागले. आता या माणसाने काय सांगायचं? की मला भीती वाटतेय म्हणून मी तुमची शांतता मोडतो? बाह्या त्याने हळूच खाली घेतल्या. अशी चूक करायला माणूस वाईट असावा लागत नाही, नुसता भिडस्त असला तरी पुरतो.

तो गाडीकडे वळला तर संयमश्री गाडीच्या पुढे उभी होती. यंत्रापासून हातभर दूर, पण बंपरकडे बघत. मग तिने मान वर केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. खूप वेळ. पहिल्यासारखीच तिने मान हलवली, नाही, नाही, आणि बडे महासतीजींनी हाक दिल्यावर आत गेली. अरिहंतला रडू आलं ते आनंदाने. त्याने आईला फोन करून सांगितलं, मां, आज तिने माझ्याकडे पाहिलं. गवराबाईही फोनवर रडल्या.

संध्याकाळी रेवजी कपड्यांची पिशवी घेऊनच आला. घरी जातो म्हणाला. अरिहंतने समजावलं, उद्याचा एकच दिवस आहे, हद्दीपर्यंतच तर जायचंय. रेवजी जमिनीकडे बघत राहिला.

"तो आवाज चालू करा शेठ, मंग मी येस," तो शेवटी म्हणाला.

रेवजीने झेंडी गाडीच्या टपावर ठेवली आणि तो बसथांब्याकडे चालता झाला.

६

तिसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. पुढे झेंडी नव्हती. तीन पांढऱ्या पाठी आणि गाडी, एवढाच विहार. अरिहंतने काचा बंद केल्या होत्या, आवाज ऐकूच यायला नको म्हणून. आतून तो नवकार मंत्र म्हणत होता.

काच बंद असूनही त्याला ऐकू आलं. पडायचा, घासायचा. आज ते डिकीमागे राहिलं नाही. मागच्या दाराशी आलं. मग डाव्या बाजूने पुढच्या दाराशी. वेग वाढवावा तर पुढे बहीण होती. थांबावं तर ते आणखी पुढे जाणार. आपल्यामागे येणाऱ्याला अडवायला म्हणून ही गाडी इथे होती आणि तिच्या बाजूने कोणीतरी चालत पुढे निघालं होतं. तिला ते जुमानत नव्हतं.

त्याने डावीकडे पाहिलं. काचेच्या खालच्या भागात एक पांढरा काठ सरकत चालला होता. कापडाचा. खाली पाय. दोन्ही अनवाणी, त्यातला एक पुढे पडत होता आणि दुसरा बोटं खाली वळवून ओढला जात होता. त्या ओढलेल्या पायाखालून डांबरावरची धूळ सरकत नव्हती. मान वर करून बघणं अरिहंतला जमलं नाही. भेकडपणा म्हणा हवं तर. तो स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिला आणि काठ बॉनेटच्या पुढे निघून गेला.

समोर आता चौघी होत्या.

चौथी संयमश्रीच्या अगदी मागून चालत होती, तिने पाय उचलला की त्याच जागी आपला पाय ठेवत. अरिहंतने हॉर्नवर हात दाबला. साध्वींनी हॉर्न ऐकला की जे करायचं तेच केलं, मान खाली घालून रस्त्याच्या कडेला सरकल्या, एकीमागे एक. कुणीही वळलं नाही. परवा तीनदा वळलेलीही वळली नाही. तो दार उघडून ओरडला, किंजल. त्या हाकेचा दोष लागला तर लागू दे. तेवढ्यात उजवीकडच्या शेतवाटेने उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर चढला. मागे दोन ट्रॉल्या, वर कर्कश गाणी. तो संथपणे त्याच्या आणि साध्वींच्या मधून आडवा गेला, पलीकडच्या वाटेला उतरेपर्यंत दुसरं काही दिसेना.

ट्रॉल्या गेल्या. समोर तिघी होत्या.

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. तीनच. गाडीत बसून त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि मोठ्याने हसला. झोप नाही, उपाशीपोटी पहाटे उठणं, धुकं. डोकं काहीही दाखवतं. त्याने काच खाली केली, थंड हवा तोंडावर घेतली आणि गाडी पुढे काढली.

बडे महासतीजींचं दाबून पडणारं पाऊल. मधल्या साध्वींचं सपाट. आणि तिसरं, पडत आणि घासत.

७

हद्दीवरच्या शाळेत पुढच्या गावचा संघ आला होता. त्यांच्या वडीलधाऱ्या माणसाने हात जोडून 'मत्थएण वंदामि' म्हटलं, सुखसाता म्हणजे खुशाली विचारली, ठाणा तीन म्हणून मोबाईलवर पुढे कळवलं. सगळं बरोबर जुळत होतं. एकाने विचारलं, लहान महासतीजींचा पाय दुखावलाय का, औषध आणवतो. बडे महासतीजी म्हणाल्या, सकाळपासून अशीच चालतेय, काटा गेला असेल, मौनात आहे म्हणून सांगत नाही.

अरिहंत वंदनाला वाकला. वाकलेल्या मानेने त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मुहपत्तीच्या वरचे डोळे तिचेच होते. भुवया तिच्याच. तिने आशीर्वादाचा हात वर केला, तोही तिच्यासारखाच. फक्त त्या डोळ्यांत त्याची ओळख नव्हती. पण सहा वर्षं ओळख न दाखवणं हाच तर तिचा धर्म होता. मग हे कुणाला सांगायचं आणि काय म्हणून? ही माझी बहीण नाही, कारण ती मला ओळखत नाही? लोक म्हणाले असते, दीक्षा खरी उतरली म्हणायची.

कालचे डोळे त्याला आठवले. कालचे डोळे त्याला ओळखून, विनवून सांगत होते. तो आनंदाने रडला होता.

तो मागे सरला. साध्वी शाळेच्या आत गेल्या. पायरीवर एक पाय पडला आणि दुसरा घासत वर गेला. पुढच्या संघाची जीप आवारात येऊन उद्याच्या विहारासाठी उभी राहिली, डिझेलची, धडधडणारी.

८

परत निघाल्यावर त्याने गाडी साठावर सोडली. विचार करायचाच नाही असं ठरवून. पाच-सहा किलोमीटरवर एका गावाच्या गतिरोधकापाशी वेग कमी केला आणि काच खाली होती म्हणून त्याला मागून ऐकू आलं. छोटी, घाईची पावलं. धावत येणारी. बराच वेळ धावल्यावर येतो तसा श्वासही.

त्याने गाडी थांबवली. पावलं डिकीशी येऊन थांबली. आरशात सकाळचं ऊन पडलेला रिकामा रस्ता होता. यावेळी त्याला खडा आठवला नाही, टेप आठवली नाही. ती चाल त्याने काल डोळ्यांत पाणी आणून ऐकली होती.

तो खाली उतरला, मागे गेला. तिथे कोणी नव्हतं आणि आता पावलं बॉनेटकडून वाजली. तो पुढे आला, तर ती मागे. गाडी वळवून उलट्या तोंडाने उभी केली, तरीही ती मागेच. कसंही फिरलं तरी तो पुढे आणि ती मागे राहत होती. काही केलं तरी त्याला तिच्या मागे जाता येईना. मग तो बंपरपाशी बसला. टेप बांधलेली पिन हाताला लागली. ती लावली की सूर सुरू होणार. पहिल्या दिवशी ज्याला त्या सुराने लांब मागे ठेवलं होतं, त्याच्यासारखीच आता तीही लांब राहणार. त्याने हात काढून घेतला आणि रस्त्यावर बसूनच मुलासारखा रडला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने गाडी बंद पडली का म्हणून विचारलं, तर तो नाही म्हणाला.

मग तो गाडीत बसला आणि ताशी चारच्या वेगाने निघाला. तिला धावावं लागू नये म्हणून.

मागून येणाऱ्या दुचाक्या शिव्या देत पुढे गेल्या. उसाचे ट्रक हॉर्नवर हात ठेवून बाजूने काढत होते. प्रत्येक ट्रक जवळ आला की ती पावलं गाडीला अगदी चिकटायची आणि ट्रक गेला की पुन्हा जरा सुटी व्हायची. नंदुरबार अजून वीस किलोमीटरवर होतं. पोचल्यावर काय, याचा विचार त्याला करवत नव्हता. ती घरात येणार नव्हती, कुणाला दिसणार नव्हती आणि तो गाडीतून उतरला की तिने कुणाच्या मागे चालायचं होतं?

फोन वाजला. गवराबाई होत्या. सकाळपासून थांबल्या होत्या.

"छोरी पोचली का रे?"

"वेळ लागेल, मां," तो म्हणाला. "ती चालत येतेय."

आईला नीट कळलं नसावं. हद्दीवर उशीर झाला, धुकं असेल, असं काहीतरी त्यांनी मनाशी जुळवलं. मग त्यांनी मनातला तो एकच प्रश्न विचारला.

"तिच्या मागे गाडी आहे ना?"

आरशात एक भरलेला ट्रक मोठा होत चालला होता. पावलं धावत येऊन डिकीला भिडली.